न्यू जर्सी सोडून टोरांटो गाठावं का? मदत हवी आहे

मंडळी, आम्ही एडिसनला, एच-१बीवर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा). सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हापासून बायकोने धोशा लावलाय, कॅनडाला चला. ते शुल्क आम्हाला सध्या लागू नाही, पण सरकार उद्या काय काढेल याचा नेम नाही. नोकरी गेलीच तर ६० दिवसांत गाशा गुंडाळायचा!

अडचण अशी की मी चाळिशी ओलांडलीय, आणि एक्स्प्रेस एन्ट्रीत (गुणांवर कॅनडात कायमचं घेण्याची योजना) पंचेचाळिशीला वयाचे गुण शून्य. फ्रेंच शिकलं तर गुण वाढतात म्हणे. (माझं हिंदीच धड नाही.) लेक इथली नागरिक, शाळा मध्येच सोडायला साफ नकार.

कुणी असं केलंय का? आधी पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेतलंत की नोकरी? इथलं घर विकलंत की भाड्याने दिलंत?