फेल्टिंगला क्रियापद कोणतं?

लोकरवेडी
लोकरीचा पुंजका आणि फेल्टिंगची, म्हणजे लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतवून घट्ट करण्याची, सुई घेऊन पक्षी, प्राणी, चित्रं कशी करायची, यावर नवशिक्यांसाठी मराठीत टिपण लिहितेय. पहिल्याच वाक्याला गाडी अडली. 'पुंजका सुईने टोचून घट्ट करा' असं लिहिलं होतं, तर तपासणाऱ्या बाईंनी 'टोचून' खोडून 'विणून' केलं! विणायला धागा लागतो, इथे तो नाहीच. सुईला नेढंसुद्धा नाही. नेमकं क्रियापद सुचवा. शिवाय सुईच्या कडांवर जे बारीक बारीक असतं, त्याला काटे म्हणायचं की खाचा?

जुनंखोड
'नमदा' हा शब्द घरात असताना शेजारी कशाला जायचं? लोकर दाबून केलेलं जाड कापड म्हणजे नमदा. बुरणूसही त्याच कुळातला. हातावरून 'हाताळणे' होतं, तसं नमद्यावरून 'नमदणे' करा.

चकवा
नमदा होतो गरम पाणी, साबण आणि रगडण्याने. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते ओलाव्याने उघडतात, एकमेकांत अडकतात आणि लोकर आटते. इथे सगळं कोरडं काम. 'नमदा' म्हटलं की वाचणारा बादली घेऊन बसायचा.

जुनंखोड
'नमद' फारसी आहे. फारसीला घरातला म्हटल्याबद्दल अजून कोणी मला फटकारलं नाही, याचं नवल वाटतं. बाकी खवले अडकले म्हणजे काम झालं, मग पाण्याने का सुईने!

सुईकर
सुईच्या कामात खवल्यांवाचून अडत नाही. पॉलिएस्टरच्या तंतूला खवले नसतात, तरी कारखान्यात हजारो सुयांच्या यंत्राखाली त्याची चादर तयार होते. आपली हातातली सुई त्याच यंत्रातून आली. 1980 च्या दशकात अमेरिकेत काहींनी ती सुटी करून कलाकामाला लावली.

आता काटे की खाचा. भिंगाखाली धरून पाहा. पातं बहुधा तीनधारी, आणि धारांवर कोरल्यासारखे छेद. बाहेर आलेलं फारसं काही नाही, म्हणून 'काटे' मला पटत नाही. गळाचा काटा परत येताना अडतो. या खाचांचा रोख उलटा. आत जाताना चार तंतू ओढून नेतात, बाहेर येताना सुई मोकळी. आरीकामातली आरीही आकड्याची, पण ती दोरा ओढून आणते, म्हणून 'आरी'ही बाद. उलट्या खाचांची सुईसुद्धा मिळते! ती आतली लोकर बाहेर काढते, जनावराच्या अंगावरचे केस दाखवायला. तिथे 'टोचून घट्ट करा' म्हणाल तर पंचाईत.

जाता जाता: क्रमांक वाढेल तशी सुई बारीक. 36 ने आकार, 38 ने बहुतेक सगळं, 40 ने शेवटचा हात. आणि ज्या कोनात घातली त्याच कोनात बाहेर काढा, तिरकी केलीत की मोडली.

शेवंती
'गोंदणे' का नको? सुई टोचून आत रंग बसवणं म्हणजे गोंदणच. घुबडाच्या पांढऱ्या छातीवर मी तपकिरी लोकरीचे ठिपके बसवते, ते शब्दशः गोंदणच असतं. 'लोकरगोंदण' कानालाही गोड.

चकवा
ठिपक्यांपुरतं कबूल. पण अख्खं घुबड उभं करणं हे गोंदण कसं? गोंदायला आधी अंग लागतं.

शेवंती
मग पुंजक्याला अंग म्हणा!

टाकाऊतलं
बटण, पेन, सायकल चालतात, फेल्टिंगनेच काय घोडं मारलंय? 'फेल्ट करा' लिहा आणि मोकळ्या व्हा. 'लोकरगोंदण' शोधून कोणाला सुई सापडणार नाही.

जुनंखोड
घोडं मारलं नाही, नमदा त्याच्या पाठीवर खोगिराखालीच असतो. तुमच्या हिशेबाने उद्या 'निटिंग करा'. विणकाम हा शब्द लोकांनी वापरला म्हणून टिकला.

लोकरवेडी
'खाच' घेतली, सुईकर. क्रियापद अजून लटकलंय. शीर्षकात 'मौलिक कलाकृती' लिहिलंय, ते तरी चालेल ना?

टाकाऊतलं
'मौलिक' म्हटलं की लोकांना मौल्यवान वाटतं. दुसऱ्याचा नमुना न गिरवता केलेली, एवढंच सांगायचं असेल तर 'आपल्या मनाने केलेली' लिहा.

सुईकर
पहिल्या निरोपात 'नेढं' वाचून थबकलो. आमच्याकडे सुईचं 'नाक'. नेढं म्हणजे डोंगराला आरपार भोक असतं ते.

शेवंती
नाक माणसाला असतं! आजी दोरा थुंकीने ओला करून नेढ्यातच घालायची.

जुनंखोड
दोन्ही बरोबर, पण डोंगराचं नेढं सुईवरूनच आलं असणार. आधी सुई की आधी डोंगर, हे मात्र विचारू नका.

चकवा
विचारतोच. आणि गोधडीच्या दाभणाला काय म्हणता, नेढं की नाक?