बेइहाई पार्क घाईत उरकू नका
बेइजिंगचं बेइहाई पार्क तासाभरात उरकेल का असं विचारलंयत, तर प्लीज तसं करू नका, अर्ध्याहून जास्त जागा तळ्यानेच व्यापलीये आणि काठाने नुसतं रमतगमत चालायलाच दीड-दोन तास सहज जातात. बेटावरचा पांढरा स्तूप १६५१ चा, तो सगळे बघतातच, पण उत्तरेच्या काठाकडची नऊ ड्रॅगनची भिंत अजिबात चुकवू नका, झिलई दिलेल्या रंगीत फरशांची आहे आणि मागच्या बाजूनेही ड्रॅगन आहेत. मला सगळ्यात आवडले ते सकाळचे आजोबा, लांब दांड्याचा स्पंजचा ब्रश पाण्यात बुडवून फरसबंदीवर अक्षरं काढत होते, शेवटचं अक्षर होईस्तोवर पहिलं वाळून गेलेलं. जुलैत गेलात तर कमळंही मिळतील बघायला.