तीन तिघाडा आणि खिशातली सुपारी

कंदीपेढा:
परवा दादासाठी मुलगी बघायला साताऱ्याहून कराडला निघालो. आई, बाबा आणि मी. (दादाला सुट्टी नाही. नवरदेवाशिवाय वरात!) चपला घालतोय तोच आजी आतून ओरडली, "तिघं निघालात? तीन तिघाडा, काम बिघाडा!" आणि बाबांच्या खिशात सुपारी टाकली. हा म्हणे चौथा. एसटीत तिघांच्या बाकावर आम्ही तिघं, चौथा खिशात, विनातिकीट.

हीच आजी तिसरी पोळी वाढताना तुकडा मोडून वाढते, म्हणजे तीन होत नाहीत. तिघांनी नेमकं कुणाचं काय बिघडवलंय?

हुकूम_इस्पिक:
आजींना तीन-दोन-पाच शिकव. 30 पानं, प्रत्येकी 10, तिसरा नसेल तर डावच नाही. सुट्टीत चौथा मावसभाऊ आला की मेंढीकोट काढावा लागायचा, आणि मग "दश्शी का टाकलीस" म्हणून जोडीदाराशी भांडण. भांडण चौघांतच जास्त होतं, हा माझा दहा उन्हाळ्यांचा अनुभव.

राखुंडी:
शेतावर चूल मांडून बघ. तीन दगडांवर पातेलं कशाही जमिनीवर बसतं. चौथा दगड घातलास की डुगडुगणार आणि तू चिपा शोधत बसणार.

पेठेतला:
शहाणे तरी साडेतीनच. सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर हे पूर्ण आणि नाना फडणवीस अर्धे, कारण तलवार चालवत नसत. पण पूर्ण तिघांपैकी एक पेशव्यांकडे, एक नागपूरकर भोसल्यांकडे, एक निजामाकडे. एका दरबारात असते तर तुझी आजी बरोबर ठरली असती. आणि गर्दी हवीच असेल तर बारभाईंची खेती आहेच.

राखुंडी:
ते राहू दे. स्थळाचं काय झालं?

कंदीपेढा:
मुलगी छान आहे, आईचं आणि तिचं गूळ घालायच्या आमटीवरून लगेच जमलं. पोह्यांच्या बशा मात्र चार आल्या, दादा येणार असं त्यांना वाटलेलं. चौथी मी संपवली.

सुपारी? ती बाबांनी जातानाच उंब्रज यायच्या आत चघळून टाकली. कराडला उतरलो तेव्हा आम्ही तिघंच होतो. आजीला अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, सुपारी देवापुढे परत ठेवली का म्हणून.