काटा राहिला, तरी कृपा आहे

प्रार्थना करूनही आजार हटला नाही म्हणजे विश्वास कमी पडला, असे काहीजण म्हणतात, ते मत मला पटत नाही. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 12व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की, शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, दूर व्हावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनविले. काटा निघाला नाही, मात्र कृपा पुरेशी आहे आणि अशक्तपणातच सामर्थ्य पूर्ण होते, असे उत्तर त्याला मिळाले. (तो काटा कोणता, हे पौलाने सांगितलेले नाही, म्हणूनच कोणत्याही आजारी माणसाला हा उतारा आपला वाटतो.) नाशिक रोडला फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला येणारे कितीतरी भाविक बरे होण्याचे मागणे घेऊन येतात आणि ते रास्तच आहे, पण दुखणे घेऊनच परतणाऱ्याला कृपया अविश्वासू ठरवू नये, त्याच्याजवळ बसून हा अध्याय वाचावा.