स्टार वॉर्स: जुनी त्रयी धारदार, नंतरची धूसर का?

प्रश्न: १९७७–८३ची मूळ त्रयी (कथेतले भाग ४ ते ६) ४केमध्ये (सुमारे ३८४० पिक्सेल रुंद चित्र) झकास दिसते, २००२चा भाग (कथेतला भाग २) मात्र मऊ, धूसर. टीव्हीचं सेटिंग चुकतंय का?

उत्तर १: टीव्ही निर्दोष आहे. मूळ तिन्ही ३५ मिमी फिल्मवर. निगेटिव्ह पुन्हा स्कॅन केली की तपशील हाती येतो. २००२चा भाग डिजिटल कॅमेऱ्यावर, रुंदी जेमतेम १९२० पिक्सेल. म्हणजे ४के हे ताणलेलं चित्र. शार्पनेस वाढवलात तर कडांना पांढऱ्या रेघा येतील, एवढंच.

उत्तर २: १९९९च्या भागाला (भाग १) यात ओढू नका, तो बहुतांश फिल्मवरच आहे. चित्रीकरणासाठीच्या लघुप्रतिकृतीही (छोटी मॉडेल्स) भरपूर. पटकथा रटाळ, ते वेगळं!

उत्तर ३: बघण्याच्या क्रमाचं म्हणाल, तर पहिल्यांदा बघणाऱ्याला भाग ४, ५, १, २, ३, ६ असे दाखवा. १पासून सुरुवात केली तर पाचव्यातला धक्का तिसऱ्यातच फुटतो.