मोठ्या शहरात फिरायला जाताना गाडी भाड्याने घ्यावी का? अनुभव लिहा

विमान ठरलं, हॉटेल ठरलं की पुढचा प्रश्न गाडीचा. 'सोयीचं पडतं' किंवा 'नसता ताप' एवढंच लिहून थांबू नका. काय मोजायचं, कुठे अडतं आणि का, ते सांगा. चालकासह गाडी इथे नको, स्वतः चालवायची गाडीच धरू.

हिशेबी

फक्त रोजचं भाडं बघू नका. त्यात विमा, हॉटेलचं रात्रीचं पार्किंग, दिवसा जिथे जाल तिथलं पार्किंग, इंधन, टोल आणि विमानतळावरून गाडी घेतल्यास तिथला अधिभार मिळवा. गाडी घेतली एका ठिकाणी आणि सोडली दुसऱ्या ठिकाणी, तर त्याचे पैसे वेगळे. मग त्या बेरजेसमोर मेट्रो-बसचा पास आणि रोजच्या दोन टॅक्सी ठेवा. शहरातल्या शहरात फिरायचं असेल तर गाडी दिवसाचे बरेच तास नुसती उभी असते, आणि उभं राहण्याचेही पैसे पडतात.

भाडं 24 तासांच्या हिशेबाने लागतं. सोमवारी सकाळी 10ला घेतलेली गाडी बुधवारी दुपारी 1ला परत केली तर 51 तास होतात, म्हणजे बहुतेक ठिकाणी 3 दिवसांचं भाडं. उशीर झाल्यास सवलतीची मिनिटं किती, ते करारात वाचा.

अर्धीगाडी

'घ्यावी की नाही' यापेक्षा 'कोणत्या दिवशी घ्यावी' असं विचारलं की गुंता सुटतो. पाच दिवसांपैकी तीन शहरात आणि दोन बाहेर असतील तर त्या दोन दिवसांपुरतीच घ्या. बाहेरचे दिवस सहलीच्या शेवटी ठेवले तर गाडी थेट विमानतळावर सोडता येते, फक्त दुसरीकडे सोडण्याचा आकार आधी विचारा. घेताना मध्यवर्ती शाखेपेक्षा शहराच्या कडेची, रेल्वे स्टेशनाजवळची शाखा बरी, कारण अनोळखी गाडीतली पहिली वीस मिनिटं भर गर्दीत जात नाहीत. मात्र शहरातल्या शाखा संध्याकाळी लवकर आणि रविवारी बंद असू शकतात. वेळ बघूनच बुकिंग करा.

रात्रभर प्रवास करून उतरल्या उतरल्या स्टिअरिंग हातात घेऊ नका. त्यातून रहदारीची बाजू उलटी असेल तर इंडिकेटरऐवजी वायपर चालू होणं ही गंमत. वळल्यावर सवयीने चुकीच्या लेनमध्ये शिरणं मात्र जिवावर बेतू शकतं.

कॅमेऱ्यापुढे

दंड तेव्हाच कळत नाही, खरा घोळ तोच. इटलीतल्या फ्लोरेन्स, रोमसारख्या शहरांच्या जुन्या भागात झेडटीएल असतात, म्हणजे मर्यादित वाहतुकीचे भाग, तिथे परवानगीशिवाय गाडी नेली की दंड. कॅमेरा नंबर प्लेट टिपतो. दोनदा शिरलात तर दोन दंड. नोटीस गाडीच्या मालकाला, म्हणजे कंपनीला जाते. ती तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचं शुल्क तुमच्या कार्डावर लावते. मूळ दंड पुढे वेगळा येतो, कधी काही महिन्यांनी. हॉटेल त्या भागात असेल तर गाडीचा नंबर नोंदवून मिळेल का, ते पोचण्याआधीच विचारा.

लंडनच्या मध्यभागात 2003पासून गर्दी-शुल्क आहे, म्हणजे त्या गर्दीच्या भागात गाडी नेण्याचे पैसे; न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या 60व्या रस्त्याच्या दक्षिणेला जानेवारी 2025पासून. अशा शहरात हॉटेल त्या रेषेच्या आत की बाहेर, यावरच अर्धा निर्णय होतो.

कागदवाला

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या देशातूनच, निघण्याआधी काढावा लागतो आणि मूळ परवान्यासोबतच चालतो. 1949च्या रस्ते वाहतुकीच्या जिनिव्हा करारानुसारचा असेल तर मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. जपानला याच नमुन्याचा लागतो. चीनच्या मुख्य भूमीत आंतरराष्ट्रीय परवाना चालतच नाही. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. बुकिंग एकाचं आणि कार्ड दुसऱ्याचं असलं की काउंटरवरून रिकाम्या हाताने परत यावं लागू शकतं. अनामत रक्कम कार्डावर अडकते आणि सुटायला काही दिवस जातात, तेवढी मर्यादा मोकळी ठेवा.

विमा 'आहे' म्हणजे सगळं भरून मिळतं असं नाही. अपघातात ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी असतं. टायर, काचा, गाडीचं छत आणि तळ अनेकदा विम्याबाहेर. चुकीचं इंधन भरलंत तर तेही तुमच्याच खिशातून.

तळमजला

वर पार्किंगचा उल्लेख आलाय, त्यात भर. हॉटेल 'पार्किंग उपलब्ध' म्हणतं तेव्हा चार गोष्टी विचारा: आवारात की दोन गल्ल्या पलीकडे, जागा राखून मिळते का, रात्रीचे किती, आणि उंचीची मर्यादा काय. तळघरातल्या जुन्या पार्किंगची मर्यादा 2 मीटरच्या आसपास असू शकते. सात-आठ जणांची व्हॅन किंवा टपावर सामानाची पेटी असेल तर आडव्या दांडीपाशीच अडकाल.

सहा जणांचं कुटुंब, गुडघेदुखीचे आजी-आजोबा, सोबत चाकाची खुर्ची, अशा वेळी गाडी हवीशी वाटणं साहजिक आहे. पण पार्किंगपासून प्रवेशद्वारापर्यंतचं चालणं मोजा. टॅक्सी दारात सोडते, भाड्याची गाडी सोडतेच असं नाही.

शेवटचा_फोटो

गाडी ताब्यात घेताना सलग व्हिडिओ: चारही कोपरे, चारही चाकांच्या रिम, पुढची काच, छत, इंधनाचा काटा, किलोमीटरचा आकडा. ओरखडा दिसला की कंपनीच्या कागदावर नोंदवून सही घ्या, नुसता फोटो पुरत नाही. 'भरलेली घ्या, भरून द्या' अशी अट असेल तर परत करण्याच्या ठिकाणाजवळच्या पंपावर टाकी भरा आणि पावती जपा. कार्यालय बंद असताना किल्ली पेटीत टाकून जाणं शक्यतो टाळा: कर्मचारी गाडी तपासेपर्यंत ती तुमच्याच जबाबदारीवर राहू शकते. टाकावीच लागली तर गाडी लावल्यावर तिथेच पुन्हा तोच व्हिडिओ, जागेचा क्रमांक दिसेल असा.