रॉकरमधली एक प्लेट: शोध की नुसती जागा बदलली?

कोरा_पत्रा

मंडळी, डोकं तापलंय म्हणून लिहितोय. माझा पेटंटचा अर्ज अडलाय. तो प्रसिद्ध झालेला आहे, त्यामुळे गुपित काही फोडत नाही.

बरीच वर्षं बॉडी-इन-व्हाइटवर काम करतो, म्हणजे रंग लागायच्या आधीचा गाडीचा पत्र्याचा सांगाडा. विषय इलेक्ट्रिक गाडीचा आहे. दरवाज्यांच्या खालून लांबीभर जाणारी पोकळ तुळई असते, ती रॉकर (कुणी साइड सिल म्हणतात). डाव्या-उजव्या रॉकरना जोडणारे आडवे क्रॉसमेंबर, आणि त्यांच्या खाली बॅटरी. बाजूने खांबावर आदळायच्या चाचणीत गाडी ताशी ३२ किमी वेगाने, ७५ अंशांच्या कोनात, २५४ मिमी व्यासाच्या खांबावर नेतात. पेट्रोलच्या गाडीत रॉकर आत आला तर निदान थोडी जागा असते. इथे लगेच बॅटरीचा ट्रे.

रॉकर चेपू नये म्हणून आत आडवी प्लेट घालतात, तिला बल्कहेड म्हणतात. सगळे ती क्रॉसमेंबरच्या बरोबर समोर बसवतात, म्हणजे भार सरळ पलीकडे जातो. आम्ही उलटं केलं. प्लेट दोन क्रॉसमेंबरच्या मधोमध. खांब मध्येच आला तर रॉकर तिथे चपटा होत नाही. तो तुळईसारखा वाकतो आणि भार दोन्ही क्रॉसमेंबरना वाटून देतो. आणि खांब क्रॉसमेंबरसमोर आला तर तिथला रॉकर आधी चेपतो, ऊर्जा खातो, क्रॉसमेंबरला एकदम दणका बसत नाही.

पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला. परीक्षकाने दोन जुने कागद पुढे केलेत. दस्तऐवज १: प्लेट क्रॉसमेंबरसमोर. दस्तऐवज २: रॉकरमध्ये दोन क्रॉसमेंबरच्या मध्ये प्लेट, पण कशासाठी? जॅक लावताना पत्रा दबू नये म्हणून! निष्कर्ष: "दोन्ही एकत्र केल्यास कुशल व्यक्तीस उघड, प्लेटची जागा ही डिझाइनची निवड." म्हणजे या क्षेत्रातल्या कुणालाही सहज सुचेल असं, म्हणून पेटंट नाही.

जॅकची प्लेट दाखवून अपघाताचं पेटंट नाकारायचं? हे तुम्हाला पटतं का?

तपासनीस_निवृत्त

मला पटतं, आणि का ते सांगतो. आयुष्य याच टेबलाच्या पलीकडे, पेटंट परीक्षक म्हणून गेलं.

तुम्ही "कशासाठी" या शब्दावर सगळा भार टाकलाय. पण पेटंट वस्तूला मिळतं, तुमच्या मनातल्या हेतूला नाही. दावा म्हणजे नेमक्या कुठल्या वस्तूवर हक्क मागितलाय ते वाक्य. तुमच्या दावा १ मध्ये काय आहे? रॉकर, क्रॉसमेंबर, मध्ये प्लेट. दस्तऐवज २ मध्ये रॉकर आहे, क्रॉसमेंबर आहेत, मध्ये प्लेट आहे. दस्तऐवज २ मध्ये तुमच्यापेक्षा कमी काय आहे, ते एका वाक्यात लिहा. बॅटरी? ती दस्तऐवज २ मध्ये नाही, १ मध्ये आहे, असं गृहीत धरतो. नाहीतर परीक्षकाने एकट्या दस्तऐवज २ वर नावीन्यच नाकारलं असतं.

दुसरं, हे दोन्ही कागद एकाच कप्प्यातले. पेटंटच्या वर्गीकरणात बी६२डी २५ या क्रमांकाखाली बॉडीचा तळ, दरवाज्यांचे खांब (पिलर), सिल सगळं येतं. रॉकरवर काम करणारा माणूस रॉकरचे कागद वाचतो. कुणी विमानाच्या पंखातून प्लेट आणलेली नाही.

डायवाला

आमच्याकडे ड्रॉइंग येतं, आम्ही डाय (पत्रा दाबून आकार द्यायचे साचे) करतो. प्लेट ४० मिमी पुढे, ६० मिमी मागे हे दर आठवड्याला चालतं. कधी स्पॉट वेल्डिंगची गन आत शिरत नाही म्हणून, कधी सीटचा बोल्ट आड येतो म्हणून. प्रत्येक सरकवण्याला पेटंट दिलं तर आम्ही उद्यापासून वकील ठेवायचा का?

आणि पोकळ नळी वाकताना चपटी होते, मध्ये पडदा घातला की होत नाही, हे बांबूला कधीपासून माहीत आहे. पेरं उगीच नसतात.

दावेदार

डायवाला, बांबूचं उदाहरण झकास, पण ते उलटं पडतं. बांबूला पेरं असतात हे सगळ्यांना दिसतं. तरी इतकी वर्षं सगळ्यांनी प्लेट क्रॉसमेंबरसमोरच का घातली? एवढं उघड होतं तर एकाने तरी मध्ये घालून पाहिली असती की.

मी अर्जदारांसाठी पेटंटचे दावे लिहितो, त्यामुळे माझी बाजू कुठली ते उघड आहे (या अर्थाने उघड!). तपासनीस साहेब सांगत नाहीत ती गोष्ट अशी: परीक्षक आधी अर्ज वाचतो आणि मग शोधायला बसतो. काय शोधायचं ते अर्जानेच त्याला सांगितलेलं असतं. "मधली प्लेट" हे उत्तर हातात धरून जुन्या कागदांत हिंडलं की जॅकची प्लेट सापडणारच. कोडं सुटल्यावर प्रत्येकाला वाटतं, हे तर मलाही सुटलं असतं.

म्हणूनच युरोपात दोन प्रश्न वेगळे ठेवतात. कुशल माणूस असं करू शकला असता का, हा एक. आणि त्याने तसं केलं असतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जवळपास नेहमी "हो" असतं. निकाल दुसऱ्यावर लागतो. दस्तऐवज १ घेऊन बसलेला माणूस, ज्याला धडकेत बॅटरी वाचवायची आहे, तो जॅकच्या कागदाकडे का वळेल? अहवालात या "का"ला एक ओळ तरी आहे का?

गाडीच्या बॉडीचंच उदाहरण देतो. मर्सिडीझचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५१ मध्ये अर्ज केला: प्रवाशांचा मधला भाग कडक, पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपणारा. तेव्हाची समजूत होती की गाडी जितकी घट्ट तितकी सुरक्षित. प्रत्यक्ष ती रचना मर्सिडीझच्या गाडीत १९५९ मध्ये आली. पत्रा चेपतो हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं का? चेपू द्यावा हे सुचलं नव्हतं. कोरा_पत्रा यांचंही तेच आहे, क्रॉसमेंबरसमोर रॉकर चेपू द्यायचा.

तपासनीस_निवृत्त

बारेनींना मध्ये आणलंत, बरं केलंत. पण त्यांनी प्रचलित समजूत मोडली होती. इथे दस्तऐवज १ "मध्ये प्लेट घालू नका" असं कुठे म्हणतो? समोर घातली एवढंच तो सांगतो. एक मार्ग दाखवला म्हणजे दुसरा बंद केला असं होत नाही. "आधीचं ज्ञान उलट दिशेला नेतं" हा युक्तिवाद वकिलांचा लाडका आहे, आणि दहातल्या नऊ वेळा त्यात दम नसतो. (हा आकडा माझ्या वैतागाचा, मोजलेला नाही.)

आता "कशासाठी"बद्दल. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा खटला निकाली काढला. तोही गाडीचाच. पुढे-मागे सरकवता येणारं पेडल आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक सेन्सर. सरकणारं पेडल असानो नावाच्या जुन्या पेटंटमध्ये होतं, सेन्सर बाजारात होते. पेडलच्या हलत्या भागावर सेन्सर लावला की वायर घासते, हेही माहीत होतं, म्हणून स्थिर खिळीवर लावायचा. खालच्या कोर्टाचं म्हणणं होतं की असानोचा हेतू वेगळाच होता, त्यामुळे त्याच्याकडे वळायला कारण नाही. सुप्रीम कोर्टाने ते खोडून काढलं. ओळखीच्या वस्तूचा मूळ हेतूपलीकडेही उघड उपयोग असू शकतो. कुशल माणूस म्हणजे यंत्रमानव नव्हे, त्यालाही सामान्य कल्पकता असते. आणि कारण शोधकर्त्याचंच असावं लागत नाही. त्या क्षेत्रात माहीत असलेली कुठलीही गरज चालते.

जॅक लावायची गरज गाडीत आहे की नाही?

डायवाला

आपल्याकडे पण आहे ना तसं? भांड्यांच्या लेथचा खटला.

तपासनीस_निवृत्त

आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सुप्रीम कोर्ट, १९७८. लेथवर भांडं धरून ठेवायची सोय होती. कोर्ट म्हणालं, जुन्या गोष्टीत सुधारणा असेल तर ती कारखान्यात रोज होणाऱ्या सुधारणेपेक्षा जास्त हवी. तुम्ही ४० मिमी-६० मिमी म्हणालात ना, त्याला कायद्याच्या भाषेत हेच नाव आहे.

कोरा_पत्रा

म्हणजे माझं काम आणि बोल्ट आड आला म्हणून प्लेट सरकवणं एकच?

साहेब, सिम्युलेशनमध्ये चाळीसेक मांडण्या चालवल्यात. सुरुवातीला मीही प्लेट समोरच ठेवत होतो, जाडी वाढवत होतो, हॉट स्टॅम्पिंगचा (तापवून दाबलेला, फार कडक) १५०० मेगापास्कलचा पत्रा लावून पाहिला. खांब दोन क्रॉसमेंबरच्या मध्ये आला की प्रत्येक वेळी रॉकर तिथेच दुमडायचा. कडक पत्र्याने वजन वाढलं नाही, पण दुमड तिथेच. एका मांडणीत चुकून प्लेटचा एक्स-निर्देशांक (लांबीतली जागा) चुकीचा भरला गेला. निकाल आला तो पाहून आधी फाइल बिघडली असं वाटलं. हे उघड होतं तर मला चाळीस मांडण्या का लागल्या?

मधूनच_एक

चुकून सापडलं म्हणताय, मग शोध कसला? :)

दावेदार

कसा सापडला हे कायदा विचारत नाही. घासून सापडला, झोपेत सुचला, फाइल चुकल्यामुळे दिसला, सगळं सारखं. तो प्रश्न बाजूला ठेवा.

कोरा_पत्रा, तुमच्या चाळीस मांडण्याही तशाच बाजूला ठेवाव्या लागतील, वाईट वाटून घेऊ नका. कुशल व्यक्ती म्हणजे तुम्ही नाही. तो कायद्याने कल्पिलेला माणूस आहे, त्याने सगळे कागद वाचलेले असतात आणि त्याला दमायला होत नाही.

केएसआरवर मात्र मी अडणार. तिथे पेडलवर सेन्सर लावला की सेन्सर सेन्सरचं काम करतो आणि पेडल पेडलचं. प्रत्येकाचं काम आधी होतं तेच. इथे प्लेट मध्ये गेल्यावर रॉकरचं कामच बदलतं. आधी तो भार पोचवत होता, आता तो आधी चेपतो आणि मग वाटतो. ही नुसती बेरीज नाही.

तपासनीस_निवृत्त

हा मुद्दा खरोखर चांगला आहे. अहवालाच्या उत्तरात तो पहिल्या परिच्छेदात हवा. आता मी परीक्षकाच्या खुर्चीत बसून त्यालाच छेद देतो.

दस्तऐवज १ ची गाडी घ्या. प्लेट क्रॉसमेंबरसमोर आहे, ती राहू द्या. या गाडीला जॅक लावायचाच आहे, म्हणून दस्तऐवज २ प्रमाणे मध्ये आणखी एक प्लेट घाला. कुणीही घालेल, त्यासाठी धडकेचा विचारही करावा लागत नाही. आता या गाडीत मध्ये प्लेट आहे का? आहे. तुमचा दावा १ तिला लागू होतो का?

होतो. कारण दावा म्हणतो "दोन क्रॉसमेंबरच्या मध्ये बल्कहेड असलेला रॉकर". क्रॉसमेंबरसमोर प्लेट नसावी असं तो कुठेही म्हणत नाही. म्हणजे कुठलाच हेतू न धरता, निव्वळ जॅकपोटी, तुमचा दावा तयार झाला. रॉकर आधी चेपतो वगैरे जे तुम्ही दोघं सांगताय ते त्या गाडीत घडतच नाही, समोरची प्लेट ते होऊ देत नाही. भांडताय एका वस्तूसाठी, मागितलीय दुसरी.

दावेदार

...

हे मान्य करावं लागेल. कोरा_पत्रा, दावा कुणी लिहिला? (मी नाही, देवा.)

कोरा_पत्रा

दावा, वर्णन, आकृत्या पुन्हा काढून बसलो होतो. साहेब बरोबर आहेत. माझ्या डोक्यात "समोर पोकळ" हे इतकं गृहीत होतं की लिहिलंच गेलं नाही.

पण आकृती ४ पाहा. क्रॉसमेंबरच्या जागी घेतलेला रॉकरचा छेद आहे, आणि तो पूर्ण रिकामा आहे. खाली वर्णनात वाक्य आहे: "या ठिकाणी रॉकरच्या आत आडवा घटक नसल्याने धडकेच्या सुरुवातीस रॉकर प्रथम विरूप होतो." म्हणजे मूळ अर्जातच आधार आहे. "क्रॉसमेंबरसमोरील भागात बल्कहेड नाही" असं दाव्यात घातलं तर चालेल ना?

तपासनीस_निवृत्त

मूळ अर्जात आहे म्हणजे नवीन मजकूर घातला असं कुणी म्हणणार नाही. दुरुस्ती घ्या.

पण खुर्चीतून अजून उठलो नाही. पुढचा अहवाल मी असा लिहीन: "अर्जदाराने ज्ञात घटक वगळला आहे. घटक वगळला आणि त्यासोबत त्याचं कामही गेलं, तर त्यात कल्पकता नाही." प्लेट काढली, भार सरळ पोचवायची सोय गेली, यात विशेष काय? याला उत्तर एकच असतं. घटक काढूनही काम राहिलं, किंवा आणखी चांगलं झालं. ते तुम्ही कशाने दाखवणार?

कोरा_पत्रा

अर्जात तुलनेचा तक्ता आहे. एक, फक्त समोर प्लेट. दोन, फक्त मध्ये प्लेट. दुसऱ्यात बॅटरीच्या ट्रेकडे येणारी घुसखोरी कमी आहे.

दावेदार

आणि तीन? दोन्ही ठिकाणी प्लेट?

कोरा_पत्रा

नाही. तो रन कधी केलाच नाही. दोन्हीकडे प्लेट म्हणजे फुकटचं वजन, असं वाटलं होतं. आत्ता लावतो.

डायवाला

लावा. वजन पण लिहा. आणि दोन्ही प्लेट घातल्या तर वेल्डिंगची गन आत कशी जाणार तेही, ते सिम्युलेशनमध्ये येत नाही.

कोरा_पत्रा

रन झाला. खांब मध्ये आला तर दोन्ही प्लेटवाल्याचा निकाल आमच्याएवढाच. खांब क्रॉसमेंबरसमोर आला तर दोन्ही प्लेटवाला आमच्यापेक्षा वाईट, क्रॉसमेंबर लवकर बकल होतो (दाबाने वाकून दुमडतो). म्हणजे सगळा फायदा रिकाम्या जागेत आहे, आणि मी दावा प्लेटचा केला होता.

तपासनीस_निवृत्त

मग रिकाम्या जागेचा दावा करा. उशिरा दिलेला निकाल आधार म्हणून चालेल, कारण "प्रथम विरूप होतो" हे तुमच्या मूळ वर्णनात आहे. मी अजून खुर्चीत असतो तर आता सही केली नसती. मधे प्लेट आणि समोर मुद्दाम पोकळ असलेला रॉकर शोधायला पुन्हा बसलो असतो, आणि या वेळी जॅकचे कागद बाजूला ठेवले असते.